तीन पायऱ्यांचा राजमा

सेंदाई
रविवार, १ डिसेंबर २०२४

कौमुदी,

तू मला सगळीकडे ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. त्सुकुबाचा पत्ता स्वप्नाकडून घेतला. देताना ती दोनदा म्हणाली, "तिला त्रास नको हं देऊस." जसं काही मी त्रास द्यायलाच बसले आहे.

आधी कामाचं. आपल्या मराठी ग्रुपला गेल्या वर्षीच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती हवी आहे: 'हिवाळी सुट्टीसाठी स्लो कुकरच्या सोप्या पाककृती'. यंदा आठ नवी कुटुंबं आली आहेत, सगळी पुण्यामुंबईची, सगळी आयटीवाली. सगळ्यांचे ओटे हातभर आणि सगळ्यांची अडचण तीच, प्रेशर कुकरची शिट्टी. आपल्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी शिट्टीचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली नोटीस लागली होती ना, तशी आता यामिनीच्या बिल्डिंगमध्येही लागली. मग काय, सगळ्यांनी स्लो कुकर मागवले.

पहिल्या आवृत्तीत तुझ्या चार पाककृती होत्या. राजमा वगळून बाकीच्या तीन ठेवाव्यात असं सगळ्यांचं मत आहे. त्यांच्याखाली तुझं नाव ठेवायचं की नाही, ते तू कळव. एवढ्यासाठीच हे पत्र.

खरं सांगायचं तर मला त्या भांड्याची शिसारी यायला लागली आहे. सकाळी आठला मटकी घालायची, आणि मग दिवसभर घरात तो कोमट, ओलसर वास. पडद्यांना, उशांना, आत वाळत घातलेल्या कपड्यांना. संध्याकाळी झाकण काढलं की आत मटकी असो, दुधी असो, कुणीतरी आधीच चावून ठेवल्यासारखं काहीतरी असतं. त्यावर कोथिंबीर घालून आपण फोटो टाकतो. लगेच खाली यामिनीचं 'सुपर्ब ताई!!' गेल्या रविवारी तिच्या घरी तिने केलेला गाजर हलवा खाल्ला. आठ तास शिजलेला. चमचा उचलला की तार सुटत होती. सगळे म्हणाले, वा. मीही म्हणाले.

गेल्या वर्षीच्या त्या प्रकाराबद्दल कुणी बोलत नाही. बोलायची वेळ आलीच तर 'तो राजम्याचा किस्सा' म्हणतात आणि हसतात. किस्सा! मला अजूनही नागरिक केंद्राच्या त्या दुसऱ्या मजल्यावरचा वास येतो. ग्रुपच्या डिसेंबरच्या जेवणाला एक वाजता चाळीस माणसं जेवली, तीन वाजता मुलांची गाणी चालू असताना पहिली दोघं उठून गेली, आणि साडेतीनला अकरा जणं दोन संडासांच्या बाहेर. संडासातल्या त्या प्लास्टिकच्या सपाता आठवतात? इतकी वर्षं इथे राहून आपण त्या बदलल्याशिवाय आत पाऊल ठेवत नाही. त्या दिवशी कुणाला भान नव्हतं. कुणी बेसिनमध्ये, कुणी पिशवीत, कुणी चक्क बुटांच्या कप्प्यात. स्वप्नाचे सासरे गुणवंतकाका त्यातच घसरून पडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, नाशिकहून नातवाला भेटायला आलेला, खुब्याचं हाड मोडून दुसऱ्याच्या ओकारीत आडवा पडला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत माफी मागत होता. तेवढाच एक जपानी शब्द त्यांना येत होता.

कच्चा राजमा मंद आचेवर शिजला की विषारी होतो, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं? आणि स्वप्नाने तो ज्यात केला तो कुकर तर अमेरिकेहून आणलेला. इथल्या कमी व्होल्टेजवर तो धड तापतच नाही, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पाककृतीखाली तुझं नाव छापलं होतं म्हणून लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. त्याला मी काय करणार होते?

नावाचं तेवढं कळव. पंधरा तारखेपर्यंत छापायला द्यायचं आहे.

ज्योत्स्ना

*

सेंदाई
रविवार, ८ डिसेंबर २०२४

कौमुदी,

आठवडा झाला. उत्तर नाही. चार ओळी लिहायला किती वेळ लागतो?

तू मनात काय म्हणत असशील ते मला माहीत आहे. 'कितीजणींना ठाऊक होतं' असं मी लिहिलं, ते वाचून तू पत्र बाजूला टाकलं असशील. तुला ठाऊक होतं. ठीक आहे, लिहिते.

पुस्तिकेचं सगळं काम माझ्याकडे होतं आणि मी एक नियम केला होता. प्रत्येक पाककृती तीन पायऱ्यांची. चिरा, घाला, झाकण लावा. चौथी पायरी आली की सोपेपणा गेला. माझ्या अंबरीषने पानं मांडून दिली होती, प्रत्येक पानावर तीन चौकोन, तीन छोटी चित्रं. सगळ्यांच्या पाककृती बसल्या. तुझ्या राजम्याला पाच पायऱ्या होत्या.

सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूला तू लिहून दिलं होतंस, तुझ्या त्या लहान, सरळ अक्षरात. रात्रभर भिजवा. ते पाणी फेका. ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळा. तेही पाणी फेका. मग कुकरमध्ये. 'दहा मिनिटं'खाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. मला वाटलं, कौमुदी ही अशीच, घरी गेलं तरी आधी हात धुवायला लावणारी. मी ठेवलं: भिजवा. कुकरमध्ये घाला. झाकण लावा.

मुद्दाम केलं नाही. हे तुला मानावंच लागेल. घाईत केलं. माझी पुस्तिका देखणी दिसावी म्हणून केलं. त्यात कुणाला मारायचा हेतू नव्हता.

मग जानेवारीत यामिनीच्या घरी सगळे जमले. सगळ्यांच्या देखत तू म्हणालीस, "ज्योत्स्ना, मी तुला लिहून दिलं होतं ना?" आणि मी म्हणाले, "मला नाही आठवत गं." त्या खोलीतली एकही बाई तुझ्या बाजूने बोलली नाही. यामिनीने तर विचारलं, "कौमुदीताई, पण तुमच्याकडे कॉपी असेल ना?" जाहिरातीच्या मागे लिहिलेल्या कागदाची कॉपी! सगळ्यांना तेच हवं होतं. कुणाचं तरी नाव ठरलं की बाकीच्यांना शांतपणे बटाटेवडे खाता येतात. खाल्लेही. तू तुझी पर्स उचलून निघालीस तेव्हा दोघीतिघींच्या तोंडात घास होता. त्यांचे ते चावणारे, तुझ्याकडे न बघणारे चेहरे मला अजून दिसतात.

माझ्या तोंडातही होता.

आणि कागद कुठे आहे ते तू विचारणारच, तर तेही सांगते. मला तो आठवत होता. त्या जेवणाच्याच रात्री, तेवीस डिसेंबरला, हॉस्पिटलमधून घरी आले, फाइलमधून तो काढला, फाडला, आणि चहाच्या चोथ्याबरोबर कचऱ्यात टाकला. मंगळवारी सकाळी हिरवी पिशवी खाली ठेवली. जाळी नीट लावली नव्हती, कावळ्यांनी पिशवी फोडली. खाली जाऊन मी हातमोजे घालून सगळं गोळा केलं, अंड्याची टरफलं, चोथा, आणि तुझ्या अक्षरांचे तुकडे. तू वरून, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, "थांब, मी येते मदतीला," म्हणाली होतीस. मी "नको नको" म्हणून ओरडले ते त्यासाठी.

एवढं पुरे. आता तरी नावाचं कळव.

ज्योत्स्ना

*

सेंदाई
रविवार, १५ डिसेंबर २०२४

कौमुदी,

पुस्तिका छापायला दिली नाही. ग्रुपवर कळवलं की तब्येत बरी नाही. ते खोटं नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. सांस्कृतिक केंद्राचा तो स्वयंपाकाचा वर्ग. जानेवारीपासून तू घेणार होतीस तो. तुला त्यांचं नम्र पत्र आलं की 'सध्याच्या परिस्थितीत' कार्यक्रम पुढे ढकलावा लागतो आहे. तो पुढे ढकलला नव्हता. एप्रिलपासून महिन्यातून दोन शनिवार मी घेते. मला जपानी येतं, आणि मी 'त्या प्रसंगात फार मदत केली', म्हणून त्यांनी मला विचारलं. मी एक दिवस मागून घेतला आणि हो म्हणाले. अंबरीषने त्या दिवशी केक आणला होता.

काल तिथे काय झालं ते सांगते. डिसेंबरचा विषय स्लो कुकर. चौदा बायका होत्या. त्यात सुगावारासान म्हणून पंचाहत्तरीच्या एक आहेत, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं. ताठ, पांढरा अ‍ॅप्रन, नखं अगदी कापलेली. मी मसूर दाखवत होते. त्यांनी विचारलं, "ज्योत्स्नासान, आमच्याकडे कडधान्याचं पहिलं उकळीचं पाणी टाकायची रीत आहे. तुमच्याकडे नाही का? गेल्या वर्षी त्या भारतीय बाईंना हे माहीत नव्हतं म्हणे."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "आमच्याकडेही आहे. पण त्या बाई जरा... खेड्यातून आलेल्या. फारसं शिक्षण नव्हतं."

तू. मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. मला कुणी विचारलंही नव्हतं तुझ्या शिक्षणाबद्दल. तोंडातून ते आपोआप आलं, आणि अगदी गोड आवाजात आलं, तेच मला सहन होत नाही.

सुगावारासान म्हणाल्या, "बिचारी. तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

मी सिंककडे वळले आणि ओकले. कोपऱ्यात कचऱ्याची तिकोनी जाळी असते ना, तिच्यात, गाजराच्या सालींवर. चौदा बायकांसमोर. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, कोमट पाणी दिलं, खिडक्या उघडल्या, मी केलेली घाण पाच मिनिटांत पुसून काढली. एकीनेही नाक मुरडलं नाही. मला वाटत होतं, कुणीतरी मुरडावं.

आता ते लिहिते जे तुला माहीत नाही. तुला वाटतं मी गप्प बसले, आणि मग यामिनीकडे विसरल्याचं नाटक केलं. एवढंच नाही.

आरोग्य केंद्राच्या चिबासान त्या जेवणानंतरच्या सोमवारी, पंचवीस तारखेला, स्वप्नाच्या घरी चौकशीला आल्या. बरोबर त्यांचा तो वहीवाला मदतनीस. स्वप्ना आतल्या खोलीत हॉस्पिटलशी फोनवर बोलत होती. तुझा प्रताप आणि अंबरीष ऑफिसला. बाहेर आपण दोघीच, आणि जपानी फक्त मला येत होतं. चिबासानने विचारलं, "ही पद्धत कोणाची?" तू मराठीत मला म्हणालीस, "त्यांना सांग, मी ज्योत्स्नाला लिहून दिलं होतं. भिजवून पाणी टाका, दहा मिनिटं उकळा, तेही पाणी टाका, मगच कुकर. ती ओळ छापताना कशी गेली मला माहीत नाही. मी कुणावर आरोप करत नाही, पण माझी पद्धत ही होती."

मी जपानीत सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांच्या घरी असेच थेट घालतात. उकळावे लागतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटतं आहे."

चिबासान तुझ्याकडे वळल्या आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशा बोलल्या. "परक्या देशात स्वयंपाक करणं अवघड असतं. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण दुसऱ्यांना शिकवण्याआधी आपण स्वतः नीट शिकून घ्यावं, ही विनंती."

मी तुला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, आभारी आहोत."

आणि तू, कौमुदी, दोन्ही हात मांडीवर ठेवून वाकलीस, "हाइ, हाइ, आरिगातो गोझाइमास," म्हणालीस, आणि माझ्याकडे बघून हसलीस, मी बाजू नीट मांडली म्हणून.

त्या मदतनिसाने ते सगळं वहीत लिहून घेतलं. सांस्कृतिक केंद्राला गेलं ते हेच.

ती ओळ घाईत गेली असं मी मागे लिहिलं. हे घाईत नव्हतं. तुझं वाक्य संपेपर्यंत मला पुरेसा वेळ होता.

मला स्वतःच्या जिभेची किळस येते. सकाळपासून तीनदा दात घासले.

ज्योत्स्ना

*

सेंदाई
रविवार, २२ डिसेंबर २०२४

कौमुदी,

या आठवड्यात तीन जणांना सांगितलं.

पहिला अंबरीष. त्याला ओळ गाळल्याचं माहीत होतं, त्यानेच तर चौकोन आखले होते. दुभाषीपणाचं माहीत नव्हतं. तो स्लो कुकरच्या भांड्यातूनच खीर खात उभा होता. ऐकलं, चमचा चाटला, म्हणाला, "हे बघ, वर्ष झालं. त्यांची फाइल बंद झाली. प्रतापची त्सुकुबाला बदली झालीच असती, कॉन्ट्रॅक्ट तिकडे होतं. आता कशाला घाण उकरतेस?"

मी म्हणाले, "तिने घ्यायचा वर्ग मी घेते आहे."

"छान घेतेस की," म्हणाला, आणि पुन्हा चमचा घातला. अठरा वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी त्याच्या हनुवटीवरच्या खिरीकडे बघत राहिले. त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते खरं तर माझ्याबद्दलच होतं, पण त्या क्षणी मला तो माणूस त्याच खोलीत नको होता. सध्या मी बाहेरच्या खोलीत झोपते.

दुसरी स्वप्ना. गुरुवारी सकाळी तिच्याकडे गेले. तिने चहा केला. मी सगळं सांगितलं, आधी ओळीचं, मग दुसरं. ती ऐकत होती. रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, "बाबा अजून वॉकर घेऊन चालतात. सासूबाई व्हिडिओ कॉलवर शेजारणींना माझ्यासमोर सांगतात, सुनेने विष घातलं हो. हसत सांगतात. वर्षभर ऐकते आहे."

मग थांबून म्हणाली, "मला एकच सांग. गेल्या वर्षी जेवणाच्या आदल्या दिवशी, बावीस तारखेला संध्याकाळी, मी तुला फोन केला होता. विचारलं होतं, 'ज्योत्स्नाताई, आधी शिजवायचे का गं राजमे? कच्चेच कसे घालायचे?' तू म्हणालीस, 'नाही गं, थेट घाल, म्हणून तर सोपं.' तेव्हा तो कागद तुझ्याजवळ होता ना?"

मी हा फोन विसरले होते. शप्पथ, पार विसरले होते. मी म्हणाले, "हो."

ती उठली. माझ्यापुढचा कप उचलला, अर्धा चहा होता, तो सिंकमध्ये ओतला, कप साबणाने घासला, परत घासला, आणि पालथा घातला. म्हणाली, "मला मुलाला आणायला जायचं आहे." साडेदहा वाजले होते. मुलगा तीनला सुटतो.

तिसरं, आरोग्य केंद्र. शुक्रवारी गेले. चिबासान आता दुसऱ्या विभागात आहेत. काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. मी सांगितलं की गेल्या डिसेंबरातल्या एका प्रकरणात जबाब चुकीचा भाषांतरित झाला आहे. त्याने फाइल काढून आणली. निळी, पातळ.

"दुभाषी कोण होत्या?"

"मीच."

तो जरा गोंधळला. मग मला अवघड जाऊ नये म्हणून, अगदी हळू म्हणाला, "त्या वेळी सगळे घाबरलेले असणार. ऐकण्यात चूक झाली असावी, असं लिहू का?"

किती सोपं करून दिलं होतं त्याने! नुसती मान हलवायची होती. आणि मान हलायला लागलीही होती, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मग म्हणाले, "नाही. मुद्दाम."

त्याने पेन खाली ठेवलं. परत उचललं. म्हणाला, "तुमचं म्हणणं मी जोडून ठेवतो. पण ज्यांचा जबाब आहे त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय तो बदलता येणार नाही." नववर्षाच्या सुट्टीनंतर कचेऱ्या सहा जानेवारीला उघडतात. त्याचं कार्ड सोबत ठेवलं आहे.

तू यावंस असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायचा हक्क नाही. सांस्कृतिक केंद्राला मी कळवलं आहे की जानेवारीपासून वर्ग घेणार नाही, आणि का, तेही.

ग्रुपवर काल लिहून टाकलं. सगळं, चार-पाच ओळींत. पहिल्यांदाच यामिनीने काही टाकलं नाही. मग तासाभराने कुणीतरी गुलाबाचं फूल आणि 'मोठ्या मनाची आहेस' असं टाकलं. मोठं मन! मी फोन उशीखाली सारला.

ज्योत्स्ना

*

सेंदाई
रविवार, १२ जानेवारी २०२५

कौमुदी,

नववर्षाच्या कार्डांच्या गठ्ठ्यात तुझं कार्ड आलं. 'बुधवार, ८ जानेवारी, दुपारी दोन. दुभाषी माझी मी आणते. तू हजर राहा.' वर यंदाच्या वर्षाचं चिन्ह साप नाही, डोंगर नाहीत, कोरं पोस्टकार्ड.

त्या दिवसाबद्दल तुला मी काय सांगायचं, तू समोरच होतीस. पण मला जे दिसलं ते लिहिते.

तू बारीक झाली आहेस. केस कापले आहेस. तुझ्या दुभाषीशी, केतकीशी, तू ओळख करून दिली नाहीस, ती स्वतःच म्हणाली, मी त्सुकुबाला पीएच.डी. करते. तू तिला मधल्या खुर्चीवर बसवलंस आणि मला टोकाला. चिबासान दुसऱ्या मजल्यावरून मुद्दाम खाली आल्या होत्या. तू मराठीत वर्षापूर्वीचं तेच वाक्य म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. केतकीने ते जपानीत सांगितलं. मी तिच्या एकेका शब्दावर कान लावून बसले होते, सवयीने, आणि काहीही सांडलं नाही, काहीही वाढलं नाही. वीस सेकंद लागले असतील. काम तेवढंच होतं.

मग अधिकाऱ्याने मला विचारलं, "हे बरोबर आहे?" मी मराठीत 'हो' म्हणाले. का कोण जाणे, जपानी तोंडाशी येईना. ते 'हो'सुद्धा केतकीने भाषांतर करून सांगितलं.

चिबासान उठून उभ्या राहिल्या आणि तुझ्यासमोर कमरेत वाकल्या, खूप वेळ. म्हणाल्या, "मी तुम्हाला शिकवायला निघाले होते." तू वाकली नाहीस. नुसतं बघितलंस आणि म्हणालीस, "तुमची चूक नाही." बरं केलंस.

नंतर बसस्टॉपवर केतकी जरा लांब फोनवर बोलत उभी राहिली. बर्फ भुरभुरत होतं. मी काय बोलावं म्हणून म्हणाले, "समोर कॉफी मिळते. तुम्हा दोघींना थंडी वाजत असेल."

तू म्हणालीस, "नको."

"राग आहे तुला, मला कळतं."

"राग नाही गं," तू म्हणालीस. "सुरुवातीला होता. प्रतापला झोपेतून उठवून तुला शिव्या द्यायचे. तुझी पत्रं आली, तिसरं वाचलं, आणि तो गेला. आता नुसती किळस येते. ताटात केस निघाला की बाजूला काढता येतो, पण पुढचा घास जात नाही. तसं. तू माफी मागितलीस, इथे येऊन खरं सांगितलंस, ते मी मानते. मनापासून मानते. पण तुझ्याबरोबर बसून मला काही खाता-पिता येणार नाही. कधीच."

आणि मग, बस दिसायला लागल्यावर, "मी आले ते तुझ्यासाठी नाही. तुला कार्ड टाकायच्या आधी गुणवंतकाकांना फोन केला होता. ते म्हणाले, मुली, तुझं नाव साफ करून घे, मी नाशिकला सगळ्यांना सांगतो, सुनेचंही सांगतो. म्हणून आले."

तू बसमध्ये चढलीस. खिडकीशी बसलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि दुसरीकडेही मुद्दाम बघितलं नाहीस. बाहेरच्या रस्त्याकडे बघतात तसं बघत गेलीस.

मी तिथेच उभी राहिले. वाईट वाटायला हवं होतं, तसं वाटलंही. पण वर्षभरात पहिल्यांदा माझ्याबद्दल कुणीतरी बरोबर बोललं होतं.

सुगावारासानचा काल फोन आला. सांस्कृतिक केंद्राने तुला फेब्रुवारीतले दोन शनिवार विचारले आणि तू हो म्हणालीस, हे त्यांनीच सांगितलं. केतकीला भाषांतराला घेऊन, रेल्वेने येऊन जाऊन करणार आहेस म्हणे. त्यांना तुझ्याबद्दल मी जे खेड्याचं आणि शिक्षणाचं सांगितलं होतं ते खोटं होतं, हेही मी त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'बरं' म्हणून फोन ठेवला. आता त्या मला फोन करणार नाहीत.

त्या दोन्ही शनिवारी मी तिकडे फिरकणार नाही. उत्तर देऊ नकोस, पत्रंही आता मी पाठवणार नाही. फक्त त्या स्वयंपाकघराचं सांगायचं राहिलं, कारण ते तिथे कुणी लिहून ठेवलेलं नाही. किल्ली तळमजल्यावरच्या काउंटरवर सही करून मिळते, साडेनऊच्या आधी देत नाहीत. मोठी पातेली डावीकडच्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि त्यांची झाकणं तिथे नाहीत, ती खिडकीखालच्या पेटीत आहेत. पहिल्या टेबलावरचा गॅस लगेच पेटत नाही. बटण आत दाबून फिरवायचं, ज्योत आली तरी सोडायचं नाही, मनात दहा आकडे मोजायचे, मग सोडायचं. लवकर सोडलं तर विझतो आणि वास सुटतो. सिंकचं पाणी सुरुवातीला गढूळ येतं, ते मिनिटभर वाहू द्यायचं.

ज्योत्स्ना